३० एप्रिलची मुदत

कॅलिफोर्नियात विक्रीकराचं तिमाही विवरणपत्र भरायला तिमाही संपल्यावर एक महिना मिळतो. जानेवारी ते मार्चचं विवरणपत्र ३० एप्रिलपर्यंत गेलंच पाहिजे. या एका मुदतीमुळे वेस्टर्न ॲव्हेन्यूवरच्या एका दुकानाच्या वह्या वाचल्या. दुकान वाचलं नाही.

त्या दुकानाचे हिशेब बघणारा माणूस मूळचा सांगलीचा. वडील, म्हणजे अण्णा, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या, रोजची कीर्द, वर्षाअखेरीची खतावणी हे सगळं त्याने शाळकरी वयातच पाहिलेलं. अण्णांच्या कीर्दीत पेढीच्या मोठ्या उलाढालीच्या खाली ‘हमालांस चहा’ अशीही ओळ असायची, आणि कोणत्या हमालाला किती उचल दिली ते नावानिशी असायचं. पुढे बी.कॉम., मुंबईत काही वर्षं नोकरी आणि मग अमेरिका. १९९२ साली लॉस एंजलिसच्या आग्नेयेला, आर्टेशिया गावात पायोनिअर बुलेव्हार्डवर साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याची एका खोलीची कचेरी होती. गिऱ्हाईक सगळं लहान: गुजराती कुटुंबांची मोटेलं, एक मेक्सिकन टायरवाला आणि दक्षिण लॉस एंजलिसमधली कोरियन मंडळींची सात-आठ दुकानं. त्या भागात हिशेबासाठी माणूस पाठवायला मोठ्या फर्मा तयार नसत. हा स्वतः गाडी काढून जायचा. गिऱ्हाइकाने बुटांच्या खोक्यात कोंबून ठेवलेली बिलं उचलायची, लावायची, फॉर्म भरायचा, सही घ्यायची.

२९ एप्रिलला, बुधवारी, तो वेस्टर्नवरच्या दुकानात दुपारी दोनला पोचला. फ्लॉरेन्स ॲव्हेन्यूच्या जरा दक्षिणेला ते दुकान होतं. दूध, पाव, बाळांचे डायपर, लॉटरीची तिकिटं, बिअर, व्हिस्की. वस्तीत बँका जवळपास नव्हत्याच, त्यामुळे लोकांचे पगाराचे आणि सरकारी मदतीचे चेक वटवून देणं हाही दुकानाचाच धंदा. गल्ल्याभोवती गोळी अडवणारं जाड प्लॅस्टिक, त्यात पैसे सरकवायला एक खाच. मालकीण पन्नाशीची, सोलहून आलेली, दिवसाचे चौदा तास त्या प्लॅस्टिकमागे उभी. आसपासची माणसं तिला ‘ममा’ म्हणायची. फ्रिज भरायला, खोकी फोडायला एल साल्वादोरचा विशीतला एक पोरगा होता. त्याला पगार रोख, दर शनिवारी.

त्या तिमाहीचं विवरणपत्र किचकट होतं. जुलै १९९१ पासून राज्याने चिप्स आणि चॉकलेट-गोळ्यांवरही विक्रीकर लावला होता. पाव करमुक्त, चिप्सची पुडी करपात्र. (लोकांनी नोव्हेंबर १९९२ च्या मतदानात तो कर रद्द केला, पण ते नंतर.) ज्या दुकानाचं यंत्र दोन्हींत फरक करत नाही, त्या दुकानात तीन महिन्यांच्या खरेदीच्या बिलांतून चिप्स वेगळ्या काढायच्या म्हणजे दुपारभराचं काम. तो मागच्या खोलीत दुधाच्या क्रेटवर बसून तेच करत होता. रेडिओ चालू होता.

सव्वातीनला निकाल आला.

कोणता निकाल, हे त्या शहरात कुणालाही सांगावं लागलं नाही. ३ मार्च १९९१ ला मध्यरात्रीनंतर पोलिसांनी रॉडनी किंग नावाच्या एका काळ्या तरुणाच्या गाडीचा पाठलाग केला, लेक व्ह्यू टेरेस भागात त्याला थांबवलं आणि खाली पाडून दंडुक्यांनी झोडपलं. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या जॉर्ज हॉलिडे या माणसाने नव्याने घेतलेल्या कॅमकॉर्डरवर बाल्कनीतून ते टिपलं. त्या फितीत दंडुक्याचे ५६ तडाखे मोजता येतात. भोवती वीसहून जास्त पोलीस उभे होते. चौघांवर खटला झाला. तो शहरातून हलवून शेजारच्या व्हेंचुरा काउंटीत, सिमी व्हॅलीला नेण्यात आला. ज्युरीत दहा गोरे, एक लॅटिनो, एक फिलिपिनो वंशाची व्यक्ती. काळं कुणीच नाही. त्या ज्युरीने चौघांनाही सोडलं. पॉवेल या अधिकाऱ्यावरच्या एका आरोपावर तेवढं त्यांचं एकमत झालं नाही.

बचावाच्या वकिलांनी कोर्टात ती फीत अगदी संथ करून, एकेक चित्र थांबवून दाखवली होती. या चित्रात बघा, तो उठायचा प्रयत्न करतोय. या चित्रात हात हलला. हिशेबनिसाला ही युक्ती धंद्यामुळे ओळखीची वाटली. कोणतीही नोंद तिच्या वरच्या आणि खालच्या ओळीपासून तोडली की तिच्यातून हवं ते दाखवता येतं. वही वहीसारखी, सलग वाचायची असते. ५६ तडाखे सलग बघणाऱ्या जगाला काय दिसलं, ते वेगळं सांगायला नको.

दुकानात तेव्हा एक म्हातारा काळा गृहस्थ होता. रोज दुपारी लॉटरीचं तिकीट घ्यायला येणारा. साउथ गेटचा फायरस्टोनचा टायर कारखाना १९८० मध्ये बंद होईपर्यंत तो तिथे कामाला होता. त्याच सुमाराला गुडइयरचाही कारखाना गेला, दोन वर्षांत जनरल मोटर्सचा साउथ गेटचा कारखाना गेला, बेथलेहेम स्टीलही गेलं. आठवी-दहावी शिकलेल्या माणसाला घर घेता येईल इतका पगार देणारी सगळी कामं त्या भागातून तीन-चार वर्षांत उठली. म्हातारा ओरडला नाही. त्याने तिकीट खिशात घातलं आणि गल्ल्याच्या प्लॅस्टिकवर तळहात टेकवून नुसता उभा राहिला. मग हिशेबनिसाकडे वळून डाल्टन ॲव्हेन्यूबद्दल बोलायला लागला.

ती हकीकत १९८८ च्या ऑगस्टमधली. तिथून उत्तरेला तीनएक मैलांवर, ३९ व्या रस्त्यावर आणि डाल्टन ॲव्हेन्यूवर पोलिसांनी अमली पदार्थांच्या शोधात घरांवर धाड घातली. भिंती फोडल्या, संडासची भांडी फोडली, फर्निचर मोडलं, माणसांना मारलं. हाती जे लागलं ते अगदी किरकोळ. शहराला पुढे भरपाईपोटी लाखो डॉलर मोजावे लागले. म्हाताऱ्याचं म्हणणं असं की डाल्टनला मोडलेल्या भिंती तरी दिसत होत्या, म्हणून पैसे मिळाले. रस्त्यात अडवून गुडघ्यांवर बसवलेल्या माणसाची कसलीच पावती नसते. ती फीत आली तेव्हा वस्तीला पहिल्यांदाच वाटलं होतं की आता पावती मिळाली. आणि आता कोर्ट म्हणतंय, ही पावती चालत नाही.

हे ऐकून घेताना सांगलीच्या माणसाने मान हलवली असेल, एवढंच. तो स्वतः सांगतो की त्याला त्या क्षणी मुदतीची काळजी होती. मालकीण आत आली आणि म्हणाली, आज लवकर बंद करते, तुम्ही निघा. त्याने तिमाहीचं काम तिथेच पुरं करायचा विचार सोडला आणि सगळंच उचललं: दोन खोकी बिलं, गल्ल्याच्या यंत्रातून रोज रात्री निघणाऱ्या एकूण विक्रीच्या पट्ट्या, खरेदीची वही, आणि त्यांच्याबरोबर चुकून आलेली हिरव्या पुठ्ठ्याची एक उधारीची वही. साल्वादोरच्या पोराने खोकी गाडीच्या डिकीत ठेवून दिली. तेव्हा साडेचार वाजले होते.

तो मँचेस्टरवरून ११० नंबरच्या फ्रीवेला लागला. वाटेत लोक घरांच्या पायऱ्यांवर येऊन उभे होते, एवढंच त्याच्या लक्षात राहिलं. दुकानापासून अर्ध्या मैलावर फ्लॉरेन्स आणि नॉर्मंडीच्या चौकात गर्दी जमत होती. पावणेसहाच्या सुमारास पोलिसांनी तो चौक सोडला आणि त्यानंतर कित्येक तास तिकडे फिरकलेच नाहीत. पोलीस प्रमुख डॅरिल गेट्स त्या संध्याकाळी ब्रेंटवुडला राजकीय निधी जमवण्याच्या एका कार्यक्रमाला गेले होते. पुढे कितीतरी अहवाल निघाले, पण वस्तीतल्या माणसांच्या मनात ही एकच गोष्ट कायमची रुतून बसली: आम्हाला मारायला वीसजण होते, वाचवायला एकही नव्हता.

घरी पोचून त्याने टीव्ही लावला. हेलिकॉप्टरवरून तो चौक दिसत होता. पावणेसातच्या सुमारास रेतीच्या ट्रकचा गोरा ड्रायव्हर रेजिनाल्ड डेनी याला खाली ओढलं, लाथांनी तुडवलं, डोक्यात वीट घातली. सगळं थेट. पोलीस कुठेच नाहीत. मग त्याच भागात राहणारी चार काळी माणसं टीव्हीवर हे बघून घराबाहेर पडली, चौकात आली, डेनीला ट्रकमध्ये घेतलं, आणि त्यातल्या बॉबी ग्रीनने तो अवजड ट्रक चालवत इंगलवुडच्या हॉस्पिटलला नेला. डेनी जगला. त्या दंगलीबद्दल बोलताना ही चार माणसं ओलांडून पुढे जाता येत नाही. मारहाणीचं चित्र जगाने शंभरदा पाहिलं. ट्रक हॉस्पिटलकडे निघाला ते पाहणारे फार थोडे.

रात्री भारतातून फोन आला. सांगलीत गुरुवारची सकाळ होती. आधी आई बोलली: बाहेर पडू नकोस, मुलांना शाळेत पाठवू नकोस. मग अण्णांनी रिसीव्हर घेतला. “तुझी गिऱ्हाइकं नीट आहेत का रे? आणि वह्या?” त्याने डिकीतून आणलेल्या खोक्यांकडे बघत सांगितलं की एका दुकानाच्या आहेत, बाकीच्यांचं माहीत नाही.

गुरुवारी सकाळी मालकिणीचा फोन आला. रात्री अकराच्या सुमारास दुकान पेटलं. शेजारच्याने कळवलं. अग्निशमन दल आलं नाही. तेव्हा बंबांवर गोळीबार होत होता. पहिल्याच रात्री एका जवानाला बंब चालवताना गोळी लागली होती, आणि पोलीस सोबत असल्याशिवाय बंब बाहेर पडत नव्हते. तिने हे रडत सांगितलं नाही. विवरणपत्राचं काय, असं तिने विचारलं. त्या दिवशी ३० तारीख होती.

त्याने ते भरलं. घरातल्या जेवणाच्या टेबलावर, टीव्हीचा आवाज बंद करून. खिडकीतून वायव्येला धुराचे काळे खांब दिसत होते. चिप्स आणि पाव वेगळे केले, बेरीज मारली. जे दुकान आता नव्हतं त्याचा तीन महिन्यांचा कर किती, ते सेंटपर्यंत काढलं. आता मागे वळून बघताना तो म्हणतो की दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून हात आपलं काम करत राहिले.

पुढचे दिवस सगळ्यांना माहीत आहेत. संचारबंदी, नॅशनल गार्ड, मग लष्कर आणि मरीन. १ मे ला रॉडनी किंग स्वतः कॅमेऱ्यांपुढे आला आणि अडखळत्या शब्दांत लोकांना थांबायची, सगळ्यांनी एकत्र राहायची विनवणी करून गेला. बससेवा बंद होती, टपाल बंद होतं, आणि महिन्याची एक तारीख असल्याने मदतीचे चेक घ्यायला माणसं पोस्टांसमोर तासन्‌तास रांगेत उभी होती. चेक मिळाले तरी वटवणार कुठे? वटवणारी दुकानं जळाली होती. कोरियाटाऊनमध्ये दुकानदार बंदुका घेऊन छपरांवर चढले, त्यांचं रेडिओ स्टेशन पोलीस नियंत्रण कक्षासारखं चाललं. कोरियन लोक त्या दिवसांना आजही ‘सा-इ-गु’ म्हणतात: चार, दोन, नऊ. महिना आणि तारीख, बस.

साठहून जास्त माणसं गेली. बारा हजारांच्या आसपास अटका झाल्या. मालमत्तेचं नुकसान सुमारे एक अब्ज डॉलर, त्यातलं चाळीस टक्क्यांच्या घरातलं कोरियन धंद्यांचं. १९६५ च्या वॉट्सच्या दंगलीत ३४ मेले होते. तीही पोलिसांनी एका काळ्या तरुणाची गाडी थांबवली तिथूनच सुरू झाली होती.

सोमवारी, ४ मे ला संचारबंदी उठली आणि तो वेस्टर्नला गेला. कोपऱ्यावर गार्डचा एक जवान रायफल घेऊन उभा होता, विशीचाही नसेल. लोक झाडू घेऊन काचा गोळा करत होते. दुकानाचं छप्पर खाली बसलं होतं. तिजोरी उभी होती. उष्णतेने फुगून फुटलेले डबे, आणि सगळीकडे ओल्या राखेचा, जळक्या साखरेचा वास. गोळी अडवणारं प्लॅस्टिक वितळून गल्ल्यावर मेणासारखं थिजलं होतं. मालकीण पायात रबरी बूट घालून मध्ये उभी होती.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि तोही ती टाळत नाही. किंगची फीत बाहेर आली त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १६ मार्च १९९१ ला, तिथून जवळच फिगेरोआ स्ट्रीटवरच्या एका कोरियन दुकानात लटाशा हार्लिन्स ही १५ वर्षांची मुलगी संत्र्याच्या रसाची बाटली घ्यायला गेली. किंमत १ डॉलर ७९ सेंट. दुकानदारीण सून जा दू हिला वाटलं, ती चोरतेय. झटापट झाली, आणि मुलगी पाठ फिरवून जात असताना दूने तिच्या डोक्यात मागून गोळी घातली. मुलीच्या हातात दोन डॉलर होते. दुकानातल्या कॅमेऱ्याने हेही टिपलं होतं. ज्युरीने दूला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरलं. न्यायाधीशांनी तुरुंगवास दिला नाही. प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा, ५०० डॉलर दंड. अपील कोर्टाने ती शिक्षा कायम केली, ती दंगलीच्या जेमतेम आठवडाभर आधी. दुकानं जळाली ती नुसत्या किंगच्या निकालाने नव्हे.

आणि आपली ही मालकीण? शाळा सुटल्यावर मुलं दुकानात आली की तिची नजर त्यांच्या हातांवर असायची. चेहऱ्यांवर नाही, हातांवर. हिशेबनिसाने हे वर्षानुवर्षं पाहिलं होतं. तीच बाई त्याच मुलांच्या आयांना महिनाअखेरीला दूध-डायपर उधार द्यायची. दोन्ही खरं होतं. हातांबद्दल तो तिला एका शब्दाने कधी बोलला नाही, आणि ते त्याला आजही खटकतं.

आता त्याचं खरं काम सुरू झालं. राष्ट्राध्यक्षांनी आपत्तीग्रस्त भाग जाहीर केला होता, आणि सरकारी मदत-केंद्रांत लांबलचक टेबलं मांडून फॉर्म वाटले जात होते. कर्ज हवं तर तीन वर्षांची करविवरणपत्रं आणा, मालाची यादी आणा, यंत्रसामग्रीची बिलं आणा. बहुतेक दुकानदारांचे कागद दुकानातच होते. त्याची बाकीची कोरियन गिऱ्हाइकं याच भोकात पडली. कोक-पेप्सीच्या वितरकांकडे, बेकरीकडे, दारूच्या ठोक व्यापाऱ्याकडे जाऊन तो जुन्या बिलांच्या नकला मागायचा आणि त्यावरून मागच्या बाजूने दुकान पुन्हा उभं करायचा, कागदावर. महिन्याला किती पेट्या आल्या, म्हणजे किती विकल्या असतील, म्हणजे त्या रात्री फळ्यांवर किती असेल. वेस्टर्नवरच्या बाईचं मात्र सगळं हजर होतं. केंद्रावरचा कारकून पट्ट्या उलगडून बघताना चकित झाला.

आपत्तीचं नुकसान आदल्या वर्षाच्या विवरणपत्रात दाखवता येतं, असा अमेरिकेचा नियम आहे. म्हणजे भरलेला कर लवकर परत मिळतो. दंगलीच्या दोन आठवडे आधी, १५ एप्रिलला, स्वतःच भरलेली १९९१ ची विवरणपत्रं त्याने एकेक करून दुरुस्त केली. तिथे त्याला घसारा आडवा आला. कायद्याने नुकसान धरायचं ते वस्तूच्या पुस्तकी किमतीपुरतं. आठ वर्षं चाललेला, रोज थंडगार असणारा मोठा फ्रिज पुस्तकात शून्य डॉलरचा होता; त्याचा घसारा आधीच वजा झालेला. नवा घ्यायला हजारो डॉलर लागणार. बाईला हे समजावताना त्याचा घसा कोरडा पडला. तिने दोनदा विचारलं: चालत होता ना? मग शून्य कसा?

विम्याचा कागद त्याहून वाईट निघाला. त्या वस्तीत नामांकित विमा कंपन्या पॉलिसीच देत नसत. दलालांनी गळ्यात मारलेल्या अनेक पॉलिसी परदेशी बेटांवरच्या कंपन्यांच्या होत्या, ज्यांच्याकडे कॅलिफोर्नियाचा परवानाही नव्हता. बाईने सहा वर्षं हप्ते भरले होते. सगळ्या पावत्या खोक्यात नीट लावलेल्या. पावत्या खऱ्या, कंपनीचा फोन कुणी उचलत नव्हतं.

तिला पुन्हा दुकान काढायचं होतं. इथे दुसरा पेच आला. सुमारे दोनशे दारूविक्रीची दुकानं त्या दंगलीत जळाली होती, आणि ती परत उघडू नयेत म्हणून वस्तीतले लोक उभे राहिले. कॅरेन बास या तेव्हा हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात काम करत होत्या. त्यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या ‘कम्युनिटी कोअलिशन’ने ही मोहीम चालवली. (याच बास डिसेंबर २०२२ मध्ये लॉस एंजलिसच्या महापौर झाल्या.) नव्या परवानगीसाठी जाहीर सुनावणी व्हायची. बाईबरोबर तो कागद घेऊन गेला. समोर बसलेल्या बायका एकापाठोपाठ उठून सांगत होत्या: आमच्या कोपऱ्यावर तीन दारूची दुकानं आहेत, भाजीचं एकही नाही. रात्री मुलांना त्या दारावरून आणावं लागतं. पिऊन पडलेली माणसं ओलांडावी लागतात. त्या बायकांत दोघीतिघी बाईच्या उधारीच्या गिऱ्हाईक होत्या. त्यांनी तिला ‘ममा’ म्हणून नमस्कार केला आणि मग माइकवर जाऊन तिच्या परवान्याला विरोध केला. त्याला दोन्ही बाजूंचं म्हणणं मनापासून पटत होतं, आणि त्याच्या मांडीवर फक्त एकाच बाजूचे कागद होते.

परवाना अटींसह मिळण्याची चिन्हं होती: पहारेकरी ठेवा, दिवे लावा, लवकर बंद करा. त्या खर्चात धंदा बसत नव्हता. तिने १९९३ मध्ये नाद सोडला. त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, केंद्र सरकारने नागरी हक्कांखाली चालवलेल्या दुसऱ्या खटल्यात त्या चौघा पोलिसांपैकी कून आणि पॉवेल दोषी ठरले. प्रत्येकी तीस महिने. शहरात निकालाआधी पुन्हा गार्ड सज्ज ठेवले होते. या वेळी काही पेटलं नाही.

साल्वादोरच्या पोराचं काय झालं, हे कळलं नाही. तो पिको-युनियन भागात राहायचा एवढं बाईला माहीत होतं. दंगलीत अटक झालेल्यांपैकी निम्मे लॅटिनो होते, आणि त्यातल्या शेकडो लोकांना इमिग्रेशन खात्याच्या ताब्यात देऊन देशाबाहेर धाडलं गेलं. तो त्यात होता, की नुसता दुसरीकडे कामाला लागला, की घाबरून लपला? बाईने दोन महिने जुन्या दुकानाच्या कुंपणावर स्पॅनिशमध्ये चिठ्ठी लावून ठेवली होती. त्याचा शेवटच्या आठवड्याचा पगार द्यायचा राहिला होता.

मधे १९९२ चा डिसेंबर आला आणि फोन उलट्या दिशेने सुरू झाले. अयोध्येनंतर मुंबई पेटली, जानेवारीत पुन्हा पेटली. श्रीकृष्ण आयोगाने पुढे ९०० बळी मोजले. धाकटा भाऊ मुंबईत होता. कारण वेगळं, माणसं वेगळी. पण भावाने फेब्रुवारीत लिहिलेल्या पत्रातला मजकूर वाचून तो बराच वेळ कचेरीतच बसून राहिला. गल्लीतल्या एका शिंप्याचा भरपाईचा अर्ज भाऊ भरत होता. पंचनाम्यात दोन शिलाई मशिनं लिहिली होती. गिऱ्हाइकांचं शिवायला आलेलं कापड लिहिलंच नव्हतं, कारण त्याची पावती शिंपी कुणाला देतो? आणि गिऱ्हाइकं तर कापड मागायला येत होती.

१९९४ च्या उन्हाळ्यात अण्णा आर्टेशियाला आले. दुपारी कचेरीत येऊन बसायचे. इंग्रजी बेताचं, पण आकडे कुठल्याही भाषेत वाचणारा माणूस. एक दिवस त्यांनी वेस्टर्नवरच्या दुकानाची फाइल मागितली. हीच ना ती वाचलेली? पट्ट्या बघितल्या, बिलं बघितली, २९ एप्रिलच्या दुपारी अर्धवट टाकलेलं चिप्सचं टाचण बघितलं. हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीतली कोरियन अक्षरं बोटाने चाचपून म्हणाले, “ही उधारी ना? मांडणी आपल्यासारखीच आहे.” त्या वहीच्या शेवटच्या पानावर एकाच नावाखाली दर आठवड्याच्या उचलीच्या रकमा होत्या. बाईने त्याला एकदा ते नाव वाचून दाखवलं होतं आणि त्याने पेन्सिलीने शेजारी देवनागरीत लिहून ठेवलं होतं.

मग अण्णांच्या हाती कर्जाच्या अर्जाची नक्कल आली. मालाची किंमत, यंत्रं, भाडं, दिलेला कर. सगळं जिथल्या तिथे. त्या चौकोनांत एक होता कर्मचाऱ्यांच्या संख्येचा. त्यात मुलाच्या रेखीव अक्षरात शून्य होतं.

“आणि हा?” त्यांनी पेन्सिलीने लिहिलेल्या नावावर बोट ठेवलं.

त्याने सांगितलं की पोरगा रोखीवर होता. कागद नव्हते त्याच्याकडे. एक लिहिलं असतं तर बाई अडकली असती, पोरगाही अडकला असता. बाईनेही तसंच सांगितलं होतं.

अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. त्या शून्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग नक्कल होती तशी घडी घालून फाइलमध्ये ठेवली आणि हिरवी वही मात्र परत दिली नाही. संध्याकाळी घरी जाईपर्यंत ती त्यांच्या मांडीवरच होती.